फ्रीबीएसडीचा जुना बूट लोडर: आधी लोडर बदला, मग झेडपूल अपग्रेड करा

फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टीम १३ वरून १४ वर नेलेल्या मशीनची एक ठरलेली रड आहे. फ्रीबीएसडी-अपडेट ही अपडेटची कमांड चालवली की सगळं बिनबोभाट पार पडतं, रीबूट होतं, सगळ्या सर्व्हिसेस चालू असतात. काही दिवसांनी कोणीतरी झेडपूल स्टेटस बघतं. पूलवर, म्हणजे झेडएफएस फाइल सिस्टीमने डिस्कवर उभ्या केलेल्या साठ्यावर, काही नवी फीचर्स चालू केलेली नाहीत, असं तिथे लिहिलेलं असतं. ही काहीतरी गडबड आहे असं समजून झेडपूल अपग्रेड चालवलं जातं, तीही कमांड बिनतक्रार पूर्ण होते, आणि पुढच्या रीबूटला स्क्रीनवर "झेडएफएस: अनसपोर्टेड फीचर: कॉम.क्लारासिस्टम्स:व्हीडेव्ह_झॅप्स_व्ही२" अशी ओळ येऊन मशीन तिथेच थांबतं.

डेटा शाबूत असतो, कर्नलही (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) ठीक असतो. व्हीडेव्ह_झॅप्स_व्ही२ हे फीचर ओपनझेडएफएस २.२ बरोबर आलं आणि १४.० च्या कर्नलला ते कळतं. पण कर्नल डिस्कवरून उचलून मेमरीत आणायचं काम लोडरचं, आणि तो अजून १३ च्या, कधीकधी १२ च्याही काळातला असतो. त्याला पूल वाचताच येत नाही, मग कर्नल सापडणार कुठून?

पुढच्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमनमध्ये, लहान अक्षरांत टाइप करायच्या. मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे. सगळ्या कमांड रूट (प्रशासक) म्हणून चालवायच्या.

लोडर कुठे बसलेला असतो

बायॉस या फर्मवेअरच्या जुन्या बूट पद्धतीत साखळी लांब असते. डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये पीएमबीआर हा ५१२ बाइटचा बूट कोड असतो. तो फ्रीबीएसडी-बूट प्रकारचं छोटं पार्टिशन शोधतो. त्या पार्टिशनवर फाइल सिस्टीम नसते, सरळ कोड लिहिलेला असतो: रूट (मुख्य फाइल सिस्टीम) यूएफएस या जुन्या प्रकारची असेल तर जीपीटीबूट, झेडएफएसवर असेल तर जीपीटीझेडएफएसबूट. हा कोड रूट फाइल सिस्टीममधून /बूट/लोडर उचलतो आणि तो लोडर कर्नल आणतो.

यूईएफआय या नव्या बूट पद्धतीत साखळी आखूड आहे. फर्मवेअर ईएफआय पार्टिशनवरची, म्हणजे एका साध्या फॅट पार्टिशनवरची, लोडर.ईएफआय फाइल चालवतं आणि तीच फाइल रूट वाचून कर्नल आणते.

रूटवरच्या /बूट फोल्डरमध्ये लोडर.ईएफआय, जीपीटीझेडएफएसबूट, जीपीटीबूट, पीएमबीआर या सगळ्यांच्या मूळ प्रती असतात. फ्रीबीएसडी-अपडेट त्या प्रती इमाने इतबारे नव्या करतं. सोर्समधून मेक इन्स्टॉलवर्ल्ड केलं तरी तेवढंच होतं. पार्टिशनवर बसवलेली प्रत, म्हणजे प्रत्यक्षात चालणारी प्रत, दोघंही बदलत नाहीत. ती हाताने बदलायची.

बायॉस आणि यूएफएस या जोडीत याचा त्रास जवळपास होत नाही, कारण जीपीटीबूटला फक्त /बूट/लोडर शोधायचा असतो आणि खरा लोडर रूटवरच असल्यामुळे अपडेटबरोबर नवा झालेला असतो. त्रास होतो तो झेडएफएसवाल्यांना आणि यूईएफआयवाल्यांना. यूईएफआयमध्ये तर आणखी एक गुंता आहे. बूट मेनूच्या लुआ भाषेतल्या स्क्रिप्ट रूटवरच्या /बूट/लुआमधून येतात, म्हणजे नव्या. त्या चालवणारा लोडर मात्र ईएफआय पार्टिशनवरचा, म्हणजे जुना. नव्या आवृत्त्यांमध्ये हा फरक स्क्रिप्टच्याच लक्षात येतो आणि मेनूखाली "लोडर नीड्स टू बी अपडेटेड" असं दिसतं. मशीन चालू होतंय म्हणून या ओळीकडे काणाडोळा करू नका. पूल अजून जुन्याच फीचर्सवर आहे म्हणून ते चालू होतंय, इतकंच.

आधी पाहणी

सध्याचं मशीन कोणत्या वाटेने बूट झालं ते बघा:

सिससीटीएल मॅकडेप.बूटमेथड

उत्तर बायॉस किंवा यूईएफआय असं एका शब्दात येतं. मग डिस्कची मांडणी:

जीपार्ट शो -पी

इन्स्टॉलरने "जीपीटी, बायॉस अधिक यूईएफआय" हा पर्याय घेऊन केलेली अलीकडची मांडणी साधारण अशी दिसते:

४० ५३२४८० एडीए०पी१ ईएफआय (२६०एम)
५३२५२० १०२४ एडीए०पी२ फ्रीबीएसडी-बूट (५१२के)
५३४५२८ ४१९४३०४ एडीए०पी३ फ्रीबीएसडी-स्वॅप (२.०जी)
आणि उरलेली जागा एडीए०पी४ फ्रीबीएसडी-झेडएफएस

पहिला आकडा सुरुवातीचा सेक्टर, दुसरा एकूण सेक्टर. इथे दोन्ही वाटा एकाच डिस्कवर आहेत. मशीन आज यूईएफआयने चालू झालं असलं तरी फ्रीबीएसडी-बूट पार्टिशन असेल तर तेही नवं करून ठेवा. मदरबोर्ड बदलला किंवा डिस्क दुसऱ्या मशीनमध्ये लावली की तीच वाट वापरावी लागू शकते.

तुमच्या डिस्कचं नाव वेगळं असेल. साटा डिस्क एडीए०, यूएसबी आणि बहुतेक सॅस डिस्क डीए०. एनव्हीएमई डिस्क १३ मध्ये एनव्हीडी० असायची, १४ पासून ती एनडीए० दिसते. जुन्या नावाची लिंक ठेवलेली असते म्हणून एफएसटॅब (बूटच्या वेळी माउंट करायच्या पार्टिशनांची यादी) मोडत नाही, पण जीपार्टला नवंच नाव द्या.

यूईएफआय: फाइल कॉपी, पण नीट

१३ पासूनचा इन्स्टॉलर ईएफआय पार्टिशन /बूट/ईएफआयवर माउंट करून ठेवतो. माउंट कमांडच्या यादीत ते दिसलं नाही तर:

एमकेडिर -पी /बूट/ईएफआय
माउंट -टी एमएसडॉसएफएस /डेव्ह/एडीए०पी१ /बूट/ईएफआय

आत काय काय आहे ते बघून घ्या:

फाइंड /बूट/ईएफआय -टाइप एफ -एलएस

बहुधा दोन फाइली सापडतील: ईएफआय/फ्रीबीएसडी/लोडर.ईएफआय आणि ईएफआय/बूट/बूटएक्स६४.ईएफआय. फर्मवेअरच्या यादीत फ्रीबीएसडीची नोंद असेल तर पहिली चालते. नोंद नसेल किंवा हरवली असेल तर फर्मवेअर दुसरीकडे वळतं, कारण बूटएक्स६४.ईएफआय हे ठरवून दिलेलं राखीव नाव आहे. आर्म६४ वर तेच नाव बूटएए६४.ईएफआय असतं. पुष्कळ जण फक्त पहिली फाइल बदलतात. वर्षभराने मदरबोर्डची बॅटरी संपते किंवा फर्मवेअर अपडेट होतं, यादीतली नोंद पुसली जाते, आणि बूटएक्स६४ च्या नावाने पडून राहिलेला जुना लोडर जागा होतो. दोन्ही बदला.

पण बूटएक्स६४.ईएफआय फ्रीबीएसडीचीच आहे ना, हे आधी पाहा. त्याच मशीनवर विंडोज किंवा लिनक्स असेल तर ती फाइल त्यांची असू शकते:

स्ट्रिंग्ज /बूट/ईएफआय/ईएफआय/बूट/बूटएक्स६४.ईएफआय | ग्रेप फ्रीबीएसडी

ग्रेपमधला शब्द मोठा एफ, मोठे बीएसडी असाच लिहायचा. "फ्रीबीएसडी/एएमडी६४ ईएफआय लोडर" अशी ओळ आली तर ती लोडर.ईएफआयची प्रत आहे. "फ्रीबीएसडी ईएफआय बूट ब्लॉक" आलं तर तो त्याहून जुना बूट१.ईएफआय आहे: स्वतः कर्नल न आणता रूटवरचा लोडर.ईएफआय शोधून त्याच्या हाती सूत्रं देणारा मधला मध्यस्थ. ११ च्या काळातल्या मशीनवर तो सर्रास सापडतो. आता तो ठेवायचं कारण नाही, त्याच्या जागी थेट लोडर.ईएफआय बसवा. काहीच आलं नाही तर फाइल दुसऱ्या कोणाची तरी आहे, तिला हात लावू नका.

मशीन नेमकी कोणती फाइल वापरतंय ते असं कळतं:

ईएफआयबूटएमजीआर -व्ही

ज्या ओळीआधी अधिकचं चिन्ह आहे, त्या नोंदीने आत्ताचं बूट झालं. नोंदीत पार्टिशन आणि फाइलचा मार्ग दोन्ही दिसतात. एकापेक्षा जास्त डिस्क असतील तर हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. आपण एडीए० वरची फाइल बदलतो आणि मशीन एडीए१ वरून बूट होत असतं, हा प्रकार नवा नाही.

प्रत जुनी आहे का, हे फाइलच्या तारखेवरून ठरवू नका. फॅटवरची तारीख कॉपी केल्याची असते. सरळ तुलना करा:

सीएमपी /बूट/लोडर.ईएफआय /बूट/ईएफआय/ईएफआय/फ्रीबीएसडी/लोडर.ईएफआय

काहीच छापलं नाही तर दोन्ही सारख्या, काम झालेलंच आहे. "डिफर" आलं तर पुढे चला. डीएफ -एच /बूट/ईएफआय ने जागा बघा आणि मग:

सीडी /बूट/ईएफआय/ईएफआय/फ्रीबीएसडी
सीपी लोडर.ईएफआय जुना.ईएफआय
सीपी /बूट/लोडर.ईएफआय नवा.ईएफआय
सीएमपी /बूट/लोडर.ईएफआय नवा.ईएफआय

जुना आणि नवा ही फक्त नावं आहेत, रोमनमध्ये काहीही आटोपशीर द्या. जुनी प्रत ईएफआय पार्टिशनवरच ठेवायची, /रूटमध्ये नाही. मशीन बूट होत नसेल तेव्हा /रूट हाताशी नसतं, फर्मवेअरच्या मेनूला मात्र फॅटवरची फाइल दिसते. आणि चालू फाइलवर थेट सीपी न करता आधी वेगळ्या नावाने उतरवून घ्यायचं कारण सरळ आहे: कॉपी अर्ध्यावर असताना लाइट गेली तर अर्धवट लोडर हाती राहतो.

आता नवी फाइल कायमची बसवण्याआधी तिला एकदाच चालवून बघता येतं. लांबच्या सर्व्हरवर, जिथे स्क्रीन समोर नाही, तिथे ही पायरी गाळू नका:

ईएफआयबूटएमजीआर -ए -सी -एल /बूट/ईएफआय/ईएफआय/फ्रीबीएसडी/नवा.ईएफआय -एल चाचणी

इथे पहिला एल लहान आहे, तो फाइलसाठी. दुसरा मोठा, तो नोंदीच्या नावासाठी. बाकी ए आणि सी लहान. नंतर ईएफआयबूटएमजीआर पुन्हा चालवून नव्या नोंदीचा क्रमांक बघा, समजा ०००४. ती बूट ऑर्डरमध्ये सगळ्यांत पुढे जाऊन बसलेली दिसली तर -ओ देऊन जुनी नोंद परत पहिली करा. मग:

ईएफआयबूटएमजीआर -एन -बी ०००४

म्हणजे फक्त पुढच्या एका बूटला ही नोंद. नवा लोडर चालला नाही तर मशीन बंद करून पुन्हा चालू केलं की जुन्यावर परत येतं. मात्र काही फर्मवेअर ही सूचना धुडकावून लावतात, म्हणून रीबूटनंतर ईएफआयबूटएमजीआरमध्ये "बूटकरंट" खरोखर ०००४ आहे का ते बघा. असेल तर चाचणी पास. नोंद काढून टाका (-बी ०००४ च्या आधी मोठा -बी, तो पुसण्यासाठी), आणि फाइल जागेवर आणा:

एमव्ही नवा.ईएफआय लोडर.ईएफआय
सीपी लोडर.ईएफआय /बूट/ईएफआय/ईएफआय/बूट/बूटएक्स६४.ईएफआय
सिंक

एमव्ही करण्याआधी त्याच फोल्डरमध्ये परत आलात याची खात्री करा. रीबूट झालेलं आहे.

सिक्युअर बूट स्वतःच्या किल्लीने चालवत असाल तर /बूट/लोडर.ईएफआय आधी यूईएफआयसाइनने सही करून मगच कॉपी करायचा. अशा मशीनवर सीएमपी नेहमीच फरक दाखवेल, ते साहजिक आहे. रास्पबेरी पायसारख्या बोर्डवर त्याच फॅट पार्टिशनमध्ये यू-बूट आणि बोर्डाच्या फाइली असतात. तिथे फक्त बूटएए६४.ईएफआय बदला.

बायॉस: एक कमांड आणि तिच्यातला सापळा

बायॉससाठी काम एका ओळीचं आहे:

जीपार्ट बूटकोड -बी /बूट/पीएमबीआर -पी /बूट/जीपीटीझेडएफएसबूट -आय २ एडीए०

-बी पहिल्या सेक्टरसाठी, -पी पार्टिशनमध्ये लिहायच्या कोडसाठी, -आय पार्टिशनचा क्रमांक. रूट यूएफएसवर असेल तर जीपीटीझेडएफएसबूटऐवजी जीपीटीबूट. यशस्वी झालं की "पार्टकोड रिटन टू एडीए०पी२" आणि "बूटकोड रिटन टू एडीए०" अशा दोन ओळी येतात. यासाठी कर्नलचे डीबग फ्लॅग बदलायची गरज नाही, जुन्या लेखांत तसं लिहिलेलं असलं तरी.

सापळा -आय मध्ये आहे. निव्वळ बायॉसवाल्या जुन्या मांडणीत फ्रीबीएसडी-बूट पहिलं पार्टिशन असायचं, म्हणून इंटरनेटवरच्या बहुतेक लेखांत, आणि एकेकाळी झेडपूल अपग्रेडच्या स्वतःच्याच सूचनेत, -आय १ लिहिलेलं होतं. वरच्या मांडणीत पहिलं पार्टिशन ईएफआय आहे. तिथे -आय १ दिलं की जीपार्ट फॅटच्या डोक्यावर जीपीटीझेडएफएसबूट लिहून मोकळं होतं. पार्टिशनचा प्रकार ते तपासत नाही, आणि २६० एमबीमध्ये जागा पुरत नाही अशी वेळही येत नाही. कमांड यशस्वी झाल्याचं सांगते, चालू मशीनला काही जाणवत नाही, आणि पुढच्या यूईएफआय बूटला ईएफआय पार्टिशन फॅट म्हणून वाचताच येत नाही. एंटर दाबण्याआधी जीपार्ट शोच्या उत्तरातला फ्रीबीएसडी-बूटचा क्रमांक बोटाने मोजा.

चूक झालीच असेल आणि मशीन अजून चालू असेल तर रीबूट करू नका. ईएफआय पार्टिशन तिथल्या तिथे पुन्हा बनवता येतं, कारण त्यात लोडरशिवाय फारसं काही नसतं. दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम त्यात नांदत असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा तिच्या फाइली तिच्या साधनांनी परत आणाव्या लागतील. फक्त फ्रीबीएसडी असेल तर:

यूमाउंट /बूट/ईएफआय
न्यूएफएस_एमएसडॉस -एफ ३२ -सी १ /डेव्ह/एडीए०पी१
माउंट -टी एमएसडॉसएफएस /डेव्ह/एडीए०पी१ /बूट/ईएफआय
एमकेडिर -पी /बूट/ईएफआय/ईएफआय/बूट /बूट/ईएफआय/ईएफआय/फ्रीबीएसडी

एफ मोठा, सी लहान. नंतर लोडर.ईएफआय दोन्ही जागी कॉपी करा. यूमाउंट अडलं तर -एफ लावून काढा. या एफला मात्र लहान अक्षर.

जागा अपुरी पडते तेव्हा

फ्रीबीएसडी ८ आणि ९ च्या काळात हाताने केलेल्या मांडणीत फ्रीबीएसडी-बूट ६४ केबीचं असायचं. आजचा जीपीटीझेडएफएसबूट त्यात मावत नाही आणि जीपार्ट "नॉट इनफ स्पेस" म्हणून थांबतं. ते थांबतं हे बरंच आहे. या पार्टिशनला वरूनही मर्यादा आहे: पीएमबीआर ५४५ केबीपेक्षा मोठं पार्टिशन उचलत नाही, म्हणून ५१२ केबी हा ठरलेला आकडा. एक-दोन एमबी देऊन टाकू, असा हात सैल सोडलात तर बायॉसवरून बूट होणार नाही.

ईएफआयचंही तसंच. १० आणि ११ च्या इन्स्टॉलरने ८०० केबीचं ईएफआय पार्टिशन बनवलं होतं. त्यात एक लोडर कसाबसा बसला तरी जुनी प्रत, नवी प्रत आणि बूटएक्स६४ अशा तीन फाइली बसण्याचा प्रश्नच नाही, "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस" येतं. पुढची लोडर आवृत्ती आणखी मोठी असणार, तेव्हा रेटून बसवण्यापेक्षा पार्टिशन मोठं करा. २६० एमबी घ्या. ४ केबी सेक्टरच्या डिस्कवर फॅट३२ ला त्याच्या आसपास किमान जागा लागतेच.

ही जागा स्वॅपमधून काढणं सगळ्यांत सोपं. मेमरी मोकळी आहे ना ते बघून:

स्वॅपऑफ -ए
डंपऑन ऑफ
जीपार्ट डिलीट -आय ३ एडीए०
जीपार्ट ॲड -टी ईएफआय -ए १एम -एस २६०एम एडीए०
जीपार्ट ॲड -टी फ्रीबीएसडी-स्वॅप -ए १एम एडीए०

डंपऑन ऑफ विसरलात तर डिलीटला "डिव्हाइस बिझी" येऊ शकतं, कारण क्रॅश डंपसाठी तेच स्वॅप राखलेलं असतं. क्रमांकांकडेही लक्ष द्या. जीपार्ट रिकामा असलेला सर्वांत लहान क्रमांक देतं, म्हणून नवं ईएफआय ३ वर जाईल आणि स्वॅपला ५ मिळेल, कारण ४ वर झेडएफएस आहे. एफएसटॅबमध्ये स्वॅपची ओळ पी३ वरून पी५ करा. हे राहून गेलं तर पुढच्या बूटला स्वॅप म्हणून ईएफआय पार्टिशनच दिलं जाईल. मग पी३ वर वरच्यासारखं न्यूएफएस_एमएसडॉस, फोल्डर, लोडर, आणि ईएफआयबूटएमजीआरने नवी नोंद. /बूट/ईएफआयची एफएसटॅबमधली ओळही नव्या पार्टिशनकडे वळवा. जुनं ८०० केबीचं पार्टिशन नव्या नोंदीने एक यशस्वी बूट होईपर्यंत ठेवा आणि नंतर काढून टाका. राहू दिलंत तर एखादं फर्मवेअर पहिलं ईएफआय दिसलं म्हणून तिकडेच जातं.

एकाहून जास्त डिस्क

झेडएफएस मिरर किंवा रेडझेड या अनेक डिस्कच्या मांडण्यांमध्ये फक्त झेडएफएस पार्टिशनचा आरसा असतो. ईएफआय आणि फ्रीबीएसडी-बूट प्रत्येक डिस्कवर स्वतंत्र असतात आणि कोणीही त्यांना जुळवून ठेवत नाही. /बूट/ईएफआयवर माउंट असतं ते एकाच डिस्कचं. बायॉसची कमांड प्रत्येक डिस्कसाठी एकेकदा द्या, आणि बाकी ईएफआय पार्टिशनं आळीपाळीने /एमएनटीवर माउंट करून फाइली कॉपी करा. न केल्यास आज काही बिघडत नाही. बिघडतं ते एडीए० मरते त्या दिवशी: पूल एडीए१ वर धडधाकट असतो आणि एडीए१ वरच्या जुन्या लोडरला तो वाचता येत नाही. मेलेली डिस्क बदलून झेडपूल रिप्लेस केलं तरी नव्या डिस्कवर बूट कोड आपोआप येत नाही, हेही त्यातच आलं.

पॅकेजमधलं लोडर्स-अपडेट हे साधन अशी पाहणी करून देतं. लोडर्स-अपडेट शो-मी फक्त काय करावं लागेल ते दाखवतं, शूट-मी ते प्रत्यक्ष करतं. बऱ्याच डिस्क असतील तर शो-मी चालवून आपली यादी त्याच्याशी ताडून बघा. नावातच इशारा आहे, तेव्हा शूट-मी डोळे झाकून चालवू नका.

मशीन आधीच अडकलं असेल तर

"अनसपोर्टेड फीचर", "कॅनॉट ओपन /बूट/लुआ/लोडर.लुआ" किंवा बायॉसवर "नो झेडएफएस पूल्स लोकेटेड, कान्ट बूट" यांपैकी काही दिसत असेल आणि त्याआधीची शेवटची मोठी घटना झेडपूल अपग्रेड असेल, तर पूल दुरुस्त करायच्या मागे लागू नका. तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या मशीनवर फ्रीबीएसडीच्या इन्स्टॉलरची मेमस्टिक इमेज पेन ड्राइव्हवर लिहा. आवृत्ती अडकलेल्या मशीनएवढी किंवा त्याहून नवी हवी. १३ ची काडी १४ च्या पूलसाठी कामाची नाही. बूट करून इन्स्टॉलरच्या पहिल्या पडद्यावर लाइव्ह सिस्टीम निवडा, रूट म्हणून पासवर्डशिवाय आत या. झेडपूल इम्पोर्ट करायचीसुद्धा गरज नसते, कारण हवा असलेला नवा लोडर पेन ड्राइव्हच्या स्वतःच्या /बूटमध्येच आहे:

जीपार्ट शो -पी
माउंट -टी एमएसडॉसएफएस /डेव्ह/एडीए०पी१ /एमएनटी
सीपी /बूट/लोडर.ईएफआय /एमएनटी/ईएफआय/बूट/बूटएक्स६४.ईएफआय
सीपी /बूट/लोडर.ईएफआय /एमएनटी/ईएफआय/फ्रीबीएसडी/लोडर.ईएफआय
यूमाउंट /एमएनटी

पेन ड्राइव्ह स्वतः डीए० असतो आणि त्यावरही एक ईएफआय पार्टिशन असतं, त्यात कॉपी करू नका. बायॉस असेल तर वरचीच जीपार्ट बूटकोड ओळ, योग्य क्रमांकासह. पेन ड्राइव्ह काढा, रीबूट करा.

नवा लोडर जुना कर्नल सहसा बिनदिक्कत उचलतो. उलटं चालेलच असं नाही. म्हणून बेक्टल कमांडने जुन्या बूट एन्व्हायर्नमेंटवर (सिस्टीमच्या जपून ठेवलेल्या जुन्या अवस्थेवर) परत गेलात तरी लोडर जुना करायची गरज पडत नाही. बूट एन्व्हायर्नमेंट बदलल्याने ईएफआय पार्टिशन मागे जात नाही, आणि झेडपूल अपग्रेडही त्याने मागे जात नाही.

मग झेडपूल अपग्रेड केव्हा

सगळ्या डिस्कवर नवा लोडर बसवून, त्यानेच किमान एकदा बूट करून झाल्यावर. आणि जुन्या कर्नलवर परतायची शक्यता संपल्यावर, कारण नवी फीचर्स लागलेला पूल १३ चा कर्नल वाचू शकेल याचा भरवसा नाही. घाई कशाचीच नसते. झेडपूल स्टेटसमधली ती ओळ माहिती म्हणून असते, पूल त्याविना वर्षानुवर्षं चालतो.

कोणतं फीचर कुठल्या अवस्थेत आहे ते झेडपूल गेट ऑल झेडरूट | ग्रेप फीचर@ ने दिसतं (झेडरूट हे पूलचं नाव). डिसेबल्ड आणि एनेबल्ड या दोन्ही अवस्थांत जुन्या लोडरचं काही अडत नाही, अडतं ते ॲक्टिव्ह झाल्यावर. पण व्हीडेव्ह_झॅप्स_व्ही२ सारखं फीचर एनेबल केल्यावर तुम्ही आणखी काही न करताही ॲक्टिव्ह होतं, तर झेडएसटीडी कॉम्प्रेशन तुम्ही ते एखाद्या डेटासेटवर (पूलमधल्या एका फाइल सिस्टीमवर) लावून काही लिहिल्यावर. म्हणजे आज अपग्रेड केलं आणि रीबूट नीट झालं, म्हणून पुढच्या महिन्यात बूट डेटासेटला झेडएसटीडी लावल्यावरही ते होईल असं नाही, लोडर जुनाच असेल तर.

ती ओळ डोळ्यांत खुपतच असेल आणि अपग्रेड मात्र करायचं नसेल, तर पूलला मर्यादा आखून द्या:

झेडपूल सेट कंपॅटिबिलिटी=ओपनझेडएफएस-२.१-फ्रीबीएसडी झेडरूट

अशा मर्यादांच्या फाइली /यूएसआर/शेअर/झेडएफएस/कंपॅटिबिलिटी.डी मध्ये असतात, नाव तिथूनच बघून टाइप करा. यानंतर मर्यादेबाहेरच्या फीचर्सबद्दल स्टेटस कुरकुर करत नाही, आणि कोणी चुकून झेडपूल अपग्रेड झेडरूट चालवलं तरी यादीबाहेरचं फीचर लागत नाही.